खरी मीच

आपण स्वतःच आपली जाऊ आहोत हे ज्योत्स्ना बडगुजरला कळलं, तेव्हा ती कुरडई तळत होती.

फोन वाजला. तेलात फुलून कढईएवढी झालेली कुरडई तिने झाऱ्यावर उचलली आणि दुसऱ्या हाताने फोन बघितला. महापेठकडून संदेश होता.

महापेठ म्हणजे बाजार. एके काळी बाजार गावात असायचा, आता फोनमध्ये होता. चोपड्याच्या मेन रोडवरची निम्मी शटर्स कायमची खाली होती आणि त्यांच्यावर महापेठच्याच जाहिराती रंगवलेल्या होत्या. सुईपासून सोफ्यापर्यंत जे काही विकायचं ते तिथे, घ्यायचं तेही तिथेच. ज्योत्स्नाच्या कुरडयाही तिथेच विकल्या जायच्या. पाकिटावर तिचा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत नाव : 'ज्योत्स्नाच्या कुरडया'.

संदेश असा होता : 'आदरणीय विक्रेते, आपले खाते बंद करण्यात आले आहे. कारण : आपण रत्नप्रभा बडगुजर आहात.'

तिने दोनदा वाचलं. झाऱ्यातलं तेल पायावर गळलं तेव्हा ती ओरडली, पण ओरडली ती संदेशामुळे.

"अहो!"

विलास धावत आला. तो पूर्वी वीज कंपनीत मीटर वाचायचा. मग मीटर स्वतःच स्वतःला वाचायला लागले, तेव्हापासून तो घरी होता आणि कुणी हाक मारली की फार लवकर यायचा.

"काय गं, भाजलं?"

"मी जाऊबाई आहे म्हणे."

"कोण म्हणे?"

"महापेठ म्हणे!"

विलासने बायकोकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. "नाही," तो म्हणाला, "वहिनी जरा उंच आहेत."

रत्नप्रभा म्हणजे ज्योत्स्नाची मोठी जाऊ. दोघींच्या स्वयंपाकघरांमध्ये एक भिंत होती आणि त्या भिंतीच्या पलीकडे ती राहायची. सासू, म्हणजे घरातल्या सगळ्यांची नानी, गेली. पाकिटावर नाव कुणाचं टाकायचं यावरून तेराव्यालाच वाजलं. त्या दिवशी जे बोलणं बंद झालं ते आजपर्यंत बंदच होतं. भिंतीपलीकडून कुकरच्या शिट्ट्या यायच्या, त्यावरून मोठीकडे आज वरण आहे की वाल एवढं कळायचं. मोठीचा धंदाही कुरडयांचाच. 'रत्नप्रभा वाळवणे'. गिऱ्हाइकांनी दिलेले तिचे तारे ज्योत्स्नापेक्षा थोडे जास्त होते. ज्योत्स्ना रोज बघायची.

आता महापेठचं म्हणणं होतं की ही जी रोज बघते ती आणि जिला बघते ती, दोघी एकच.

ज्योत्स्नाने मदतकक्षाला लिहिलं : 'मी रत्नप्रभा नाही. ती वेगळी बाई आहे. तिचं तोंड बघायची माझी इच्छा नाही.'

मदतकक्ष म्हणजे यंत्रच होतं, पण स्वभावाने गोड. त्याने उत्तर दिलं : 'आम्ही आपली अडचण समजू शकतो. मात्र, यातले शेवटचे वाक्य आपण थोड्या वेळापूर्वी आपल्या दुसऱ्या खात्यावरून लिहिले आहे.'

"बघा!" ज्योत्स्ना म्हणाली. "माझं वाक्यसुद्धा चोरलं तिने."

*

या यंत्राचं नाव हातओळख. ते का आलं हे आधी सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल की कुणाचं तरी डोकं फिरलंय. डोकं कुणाचंही फिरलेलं नव्हतं. सगळं नीट विचार करून केलेलं होतं आणि खरी भीती त्याचीच आहे.

महापेठवर चोर खूप. खोट्या घड्याळांचं दुकान बंद केलं की तोच माणूस दुसऱ्या दिवशी मेव्हण्याच्या नावाने हजर. नवा फोन, नवा पत्ता, नवी बँक. त्याला पकडायचं कसं? तेव्हा काही हुशार लोकांच्या लक्षात आलं की माणूस सगळं बदलू शकतो, पण पार्सल बांधायची पद्धत बदलू शकत नाही. आपण चालायला, सायकल चालवायला, गाठ मारायला शिकतो, ते एकदा अंगात मुरलं की डोक्याच्या मागच्या बाजूला छोटा मेंदू असतो तिथे जाऊन बसतं. तिथे आपली मर्जी चालत नाही. अंगठा कुठे दाबतो, सुतळी किती ताणतो, मध्येच कुठे क्षणभर थांबतो, हे ज्याचं त्याचं असतं. चिखलातल्या पावलांवरून कोण लंगडत गेलं ते सांगता येतं, तसंच हे. गोदामातल्या पट्ट्यावरून खोका सरकतो, तिथे क्ष-किरण गाठीच्या आत बघतात, कॅमेरा कागदाच्या घड्या मोजतो. शिवाय विक्रेत्याने माल भरतानाचा व्हिडिओ पाठवणं सक्तीचं. एवढ्यावरून यंत्र उलट हिशोब करून तो बांधणारा हात डोळ्यांसमोर उभा करायचं.

यंत्राला शिकवलं लाखो हात दाखवून. हे हात मोठ्या शहरांतले. एकेकट्या खोलीत बसून, एकेकट्याने शिकलेले. त्या लाखोंमध्ये दोन माणसांचा हात एकसारखा असा एकदाही निघाला नाही. म्हणून यंत्राने पक्कं ठरवून टाकलं, हात एक म्हणजे माणूस एक.

यंत्राला नानी कुणीच दाखवली नव्हती.

कुरडई म्हणजे भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून सोऱ्याने पाडलेली शेवयांची चकली. गच्चीवर वाळली की तिच्यापुढे काचेची बांगडी दणकट. अशी कुरडई नानी एसटीच्या पार्सलने सुरतेला लेकीकडे पाठवायची आणि ती अख्खी पोचायची. खोक्यात मुरमुऱ्यांचा थर, त्यावर कुरडई पोटावर पालथी, परत मुरमुरे, परत कुरडई. मग सुतळी, डाव्या अंगठ्याखालून स्वतःकडे ओढून मारलेली गाठ. शेवटी खोका कानाशी धरून हलवायचा. आतून आवाज आला की सगळं सोडून पहिल्यापासून. सुनेचा अंगठा चुकला की नानीचं उलथनं मनगटावर. दोन सुना, अनेक उन्हाळे आणि एकच उलथनं. छोट्या मेंदूत ज्ञान गेलं खरं, पण ते मनगटावरून गेलं.

आता मोठीचं खातं का बंद झालं, तर गुडगावच्या एका गिऱ्हाइकाने तिचा खोका उघडला. त्याला कुरडई माहीत नव्हती. आतला माल म्हणजे मुरमुरे आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून घातलेली जाळीदार वेष्टणं म्हणजे कुरडया, असं त्याने धरलं. वेष्टणं कचऱ्यात टाकली, मुरमुरे खाल्ले आणि 'फार मिळमिळीत' म्हणून तक्रार केली, फोटोसकट. यंत्राने फोटोतले दाणे मोजले. बाईने कुरडया सांगून मुरमुरे विकले. खातं बंद.

आणि मोठीचा हात ज्योत्स्नाचाही हात असल्यामुळे, ज्योत्स्नाही बंद.

*

शुक्रवारी सकाळी दुसरा संदेश आला.

'एका व्यक्तीस एकच खाते. आपल्या दोन खात्यांपैकी खरे कोणते, हे आपण स्वतः ठरवावे, अशी आम्ही आपणास न्याय्य संधी देत आहोत. ज्या खात्यावरून "खरी मीच" हे बटण दाबले जाईल ते सुरू राहील. दुसरे बनावट म्हणून नोंदवले जाईल व मुरमुऱ्यांची तक्रारही त्याच्यावरच राहील. आज दुपारपर्यंत बटण न दाबल्यास दोन्ही बनावट.'

खाली हिरवंगार बटण होतं. चांगलं मोठं, म्हाताऱ्या माणसालाही दिसेल असं.

बनावट म्हणजे नुसतं दुकान बंद नव्हे. महापेठची बनावटांची यादी सगळेच वाचायचे. गॅसवाले, बसवाले, दवाखाना, बँक. गेल्या वर्षी गल्लीतला बांगड्यांवाला भावसार बनावट निघाला, तर त्याला स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या हॉलमध्ये घेईनात. बिचारा बाहेर मांडवात उभा राहून अक्षता टाकत होता.

"दाब," विलास म्हणाला.

"आणि तिकडे त्या?"

"अगं, वहिनी आहेत माझ्या. मला काय आनंद होतोय? पण हाच संदेश त्यांनाही गेला असणार ना. त्या आत्ता काय करत असतील?"

दोघांनी भिंतीकडे बघितलं. पलीकडे कुकर नव्हता, रेडिओ नव्हता, भांड्याचा आवाजही नव्हता. इतक्या वर्षांत ती भिंत एवढी गप्प कधीच नव्हती.

"जाऊन विचारू का?"

"काय विचारशील? 'जाऊबाई, मी तुम्हाला खोटी ठरवू का' असं?"

ज्योत्स्ना तरी गेली. मोठीच्या उंबऱ्यापर्यंत गेली. तिथे मोठीच्या चपला होत्या, एक सुलटी, एक उलटी. उलटी चप्पल सुलटी करून ती परत आली आणि फोन हातात घेऊन बसली.

"आता दाबतेस ना?"

"राहुकाळ आहे."

"बटणाला कसला आलाय राहुकाळ!"

"आहे. भिंतीवर कॅलेंडर आहे, बघा. नानी सांगायची, राहुकाळात हात लावायचा नाही आणि संपला की मग क्षणभरही थांबायचं नाही."

विलासने कॅलेंडर बघितलं. नानी त्याची आई होती.

ज्योत्स्ना घड्याळाकडे बघत बसली. मनात देवाला म्हणाली, 'देवा, त्यांचं वाईट होऊ नये. पण माझं नाव राहू दे. म्हणजे त्यांचं झालंच वाईट, तर फार होऊ नये.' एवढी प्रामाणिक प्रार्थना तिने कधी केली नव्हती. राहुकाळ संपला. तिने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

उत्तर लगेच आलं. त्यावर फुगे उडत होते.

'अभिनंदन! आपण एकच व्यक्ती असल्याचे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. दोन्ही खात्यांवरून बटण एकाच क्षणी दाबले गेले. दोन वेगळ्या व्यक्ती संपूर्ण दिवसातून नेमका तोच क्षण निवडणे अशक्य आहे. एका व्यक्तीने दोन्ही बटणे दाबून यंत्रणेची दिशाभूल केल्याबद्दल दोन्ही खाती बंद.'

ज्यांनी यंत्राला शिकवलं त्यांच्याही घरी कॅलेंडर असणारच. यंत्राच्या घरी नव्हतं.

विलासने वाचलं. त्याला कळायला वेळ लागला. ज्योत्स्नाला लागला नाही. एकाच क्षणी. म्हणजे पलीकडेही बोट होतं. तेही घड्याळाकडे बघत टपून बसलं होतं.

ती ताडकन उठली, दार उघडलं. शेजारचंही दार उघडलं.

रत्नप्रभा उंच बाई. चष्मा कपाळावर, कोपरापर्यंत गव्हाचा चीक, हातात फोन, फोनच्या काचेवरही चीक. दोघी ओट्यावर समोरासमोर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य मोठी बोलली.

"तू दाबलंस?"

"तुम्ही दाबलंत?"

"मी आधी विचारलं."

"राहुकाळ संपल्यावर दाबलं."

"मग मी काय राहुकाळात दाबणार होते?" मोठी म्हणाली. आणि मग आपण हे काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे मला बनावट करायला निघाली होतीस तू!"

"आणि तुम्ही मला काय, ओवाळायला निघाला होता?"

"मी निदान रडत दाबलं!"

"मी देवाला सांगून दाबलं!"

विलास मध्ये आला. "वहिनी, चहा घेता का?"

"तू गप रे. 'दाब' असं तूच म्हणाला असशील हिला."

विलास मागे सरला, कारण ते खरं होतं.

*

कायदा असा होता की कुणालाही कायमचं बंद करण्याआधी एका जिवंत माणसाने त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. ऐकून काय करायचं हे कायद्यात नव्हतं. म्हणून महापेठने प्रत्येक जिल्ह्यात एक जिवंत माणूस ठेवला होता. जळगाव जिल्ह्याचा माणूस हायवेजवळच्या गोदामात, वरच्या मजल्यावर बसायचा. त्याचं नाव कारखानीस. टक्कल, स्वेटर आणि समोर पडदा.

दोघी जावा एकाच रिक्षातून आल्या, मध्ये विलासला बसवून. विलास खाली रिक्षापाशी थांबला. फाटकाने दोघींचे चेहरे बघितले आणि दोघींना आत सोडलं, कारण नोंदवहीत अजून दोघी दोनच होत्या.

"बसा," कारखानीस म्हणाले. मग त्यांनी पडद्याकडे बघितलं, या दोघींकडे बघितलं आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्ही... दोघी आहात?"

"नाही, एकच आहे. दुसरी आरशात दिसतेय," रत्नप्रभा म्हणाली.

"थट्टा नको हो, बाई. इथलं सगळं रेकॉर्ड होतं. थट्टा झाली तर मलाच भरून द्यावी लागते."

त्यांनी दोन खोके, मुरमुरे आणि सुतळी मागवली. नियमाप्रमाणे बांधून दाखवायचं होतं. दोघींनी बांधलं. थर, कुरडई पालथी, थर, डावा अंगठा, गाठ. दोघींनी एकदमच खोके कानाशी धरून हलवले. कारखानीसांनी तोंडावर हात ठेवला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'व्यक्ती : एक. हात : चार. दोन हात कॅमेऱ्याचा दोष समजावा.'

"मी वेगळं बांधते," ज्योत्स्ना म्हणाली. तिने उजवा अंगठा लावला, गाठ उलटी मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तिचं मनगट आपोआप आखडलं, जणू वरून काहीतरी येणार होतं.

पडदा लाल झाला. 'व्यक्ती आपला हात लपवण्याचा प्रयत्न करत आहे.'

"करू नका, करू नका!" कारखानीस ओरडले. "बांधलं सारखं तर एक, बांधलं वेगळं तर लबाड!"

"मग करायचं काय आम्ही?" ज्योत्स्नाचा आवाज चढला.

"तू आधी मुळात दाबलंसच का?" मोठी.

"परत तेच काढा तुम्ही!"

"काढणार! दहा वेळा काढणार, भवानी!"

पडद्यावर ओळी पळत होत्या. 'अर्जदार स्वतःशी बोलत आहे. अर्जदार स्वतःशी भांडत आहे. अर्जदार स्वतःला भवानी म्हणत आहे. समुपदेशनाची शिफारस.'

दोघीही ते वाचून थांबल्या.

"साहेब," ज्योत्स्ना हळूच म्हणाली, "तुम्हाला डोळे आहेत. तुम्हाला इथे किती बायका दिसताहेत?"

कारखानीसांनी स्वेटरची बाही ओढली. "दोन," ते म्हणाले. अगदी हळू, ओठ न हलवता. "दोनच दिसतात हो. पण मला दिसलं असं मी लिहिलं आणि यंत्राला दिसलं नाही, तर चूक माझ्या नावावर पडते. तीन चुका झाल्या की माझंच खातं जातं. माझ्या दोन झाल्यात. एकदा जुळ्या भावांना मी दोन म्हणालो. एकदा माझ्या बायकोला ओळखलं."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"एक रस्ता आहे," ते म्हणाले. "तुम्ही एकच आहात हे मान्य करा. एका व्यक्तीने चुकून दोन खाती उघडली असं मी लिहितो. चूक माफ होते, मुरमुऱ्यांची तक्रारही निकालात निघते. खातं एक राहतं, आजच्या आज सुरू. एक नाव, एक नोंद. दुसरं नाव टोपणनाव म्हणून खाली जातं."

"खाली म्हणजे?"

"म्हणजे त्या नावाचं माणूस नसतं. नाव असतं फक्त. कुठेही गेलं तरी पहिल्या नावाचीच नोंद निघते."

"माझं राहील," ज्योत्स्ना लगेच म्हणाली.

"का गं? मोठी मी आहे."

"मोठ्या आहात म्हणूनच! सगळं आयुष्य तुमच्यामागून चालले. हे एक नाव माझं मी मिळवलंय. कुणी लावलेलं नाही, दिलेलं नाही."

हे ऐकून रत्नप्रभा हसली. तिचं हसणं बरं नव्हतं.

"घ्या मग, साहेब. हिचंच घाला," ती म्हणाली. "मला सवय आहे. माझं एकदा पुसून झालंय. लग्नात भटजींनी ताटात तांदूळ पसरले, अंगठीने नाव लिहिलं, रत्नप्रभा. नानीला आवडायचं ते. आधीचं नाव काय होतं हे या घरात कुणी विचारलं नाही आजपर्यंत."

ज्योत्स्ना मोठीकडे वळली. एका चुलीवर इतकी वर्षं काढली, भांडण झालं, भिंत झाली. हे आपल्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

"काय होतं?"

"आता काय करायचंय."

"जाऊबाई, काय होतं?"

"इंदुमती." मोठीने चष्मा उगाचच पुसला. "नानी तुझंही पुसणार होती. वैजयंती ठरलं होतं तुझं. तांदूळ पसरलेले, तू खाली मान घालून बसलेली. एवढीशी होतीस. मला बघवेना. मी पाणी द्यायला आले आणि ताटावर पडले."

ज्योत्स्नाला ते ताट आठवलं. नुसतं ताट नव्हे, सगळा मांडव आठवला. तांदूळ सतरंजीभर झाले होते, मुहूर्त टळत होता, 'अपशकुनी कुठली' म्हणून नानी ओरडत होती आणि एक उंच बाई काहीही न बोलता गुडघ्यांवर बसून दाणे वेचत होती. घाईघाईत नाव बदलायचं राहूनच गेलं. मोठी जाऊ वेंधळी आहे, एवढंच तेव्हा नव्या नवरीला कळलं होतं.

"तुम्ही मुद्दाम..."

"मुद्दाम नाही. पाय घसरला," मोठी म्हणाली. "मीच घसरवला."

ज्योत्स्नाने तोंड वळवलं. समोर सांडलेले मुरमुरे वेचून तिने खोक्यात टाकले. हे नाव तिला कुणी दिलेलं नाही, असं ती आत्ताच म्हणाली होती.

"साहेब," ती म्हणाली, "नाव कोणतंही चालतं ना?"

"यंत्र हातावर विश्वास ठेवतं. नावाशी त्याला काही देणंघेणं नाही."

"मग लिहा, इंदुमती बडगुजर."

"ए!" मोठी उठलीच. "तुझं नाव राहावं म्हणून मी ताट सांडलं, शिव्या खाल्ल्या, आणि तू ते असं टाकतेस?"

"टाकत कुठेय? टोपणनाव म्हणून आहेच की."

"साहेब, थांबा, हिचं ऐकू नका."

"बाई, तुम्ही दोघी एकच आहात," कारखानीस घाईघाईने टाइप करत म्हणाले. "एकीचं ऐकलं म्हणजे दोघींचं ऐकलं." त्यांनी कळ दाबली. पडद्यावर फुगे उडाले. दोघींचे फोन एकदम वाजले आणि दोन्हींवर एकच शब्द आला, 'स्वागत!' त्यापाठोपाठ वसईच्या कुणा बाईंची ऑर्डर, तीही दोन्हींवर.

*

फाटकाचं लोखंडी चक्र होतं, एकेकाला बाहेर सोडणारं. मोठी पुढे गेली. चक्र फिरलं, ती बाहेर पडली.

ज्योत्स्ना पुढे झाली. चक्र हललं नाही.

"इंदुमती बडगुजर," फाटक गोड आवाजात म्हणालं, "आपण बाहेर गेलेल्या आहात. धन्यवाद."

"मी इथे आहे!"

"आपण बाहेर आहात. शुभ दिवस."

ज्योत्स्नाने दोन्ही हातांनी चक्र ढकललं. फाटकापलीकडे ऊन होतं, रिक्षा होती, विलास हातात उसाच्या रसाचे तीन ग्लास घेऊन उभा होता. नोंदीप्रमाणे ती आत्ता रिक्षात बसत होती. नोंदीप्रमाणे या फाटकापाशी कुणीही उभं नव्हतं.

"अहो! मी नाहीये!" ती ओरडली. दुसरं कसं सांगावं हे तिला कळेना.

विलासच्या हातातला एक ग्लास पडला.

"पहारेकऱ्याला बोलवा कुणीतरी!"

"पहारेकरी म्हणजे मीच," फाटक म्हणालं.

रत्नप्रभा गर्रकन वळली. पदर खोचला आणि चक्रातून परत आत आली. 'स्वागत, इंदुमती,' फाटक म्हणालं. बाहेर असलेलं माणूस आत यायला त्याची काहीच हरकत नव्हती.

"ये इकडे. जवळ ये. अजून."

"मावणार नाही आपण."

"नानीने खोक्यात किती कुरडया बसवल्या असत्या? पोट आत घे."

मोठीने तिला कमरेभोवती हात घालून घट्ट ओढलं आणि दोघी चक्राच्या एकाच खणात शिरल्या. चक्र अर्धं फिरलं आणि अडकलं. मोठीचं कोपर ज्योत्स्नाच्या बरगडीत, ज्योत्स्नाचं कपाळ मोठीच्या खांद्यावर. इतक्या जवळून तिला मोठीच्या मनगटावरचा जुना पांढरट व्रण दिसला. तिच्या स्वतःच्याही मनगटावर तो तिथेच होता.

"आपले वजन अचानक वाढलेले आहे," फाटक म्हणालं. "तपासणी सुरू आहे."

"हलू नकोस," मोठी दातांतून म्हणाली.

"हलत नाहीये."

"आणि त्या बटणाचं मी विसरलेली नाही, सांगून ठेवते."

"मीही नाही विसरले."

"घरी चल, मग बघते."

आत कुठेतरी काहीतरी खटकन वाजलं.

"आपणच आहात ना, इंदुमती?" फाटकाने विचारलं.

मोठीचा श्वास अडकला, तो ज्योत्स्नाला स्वतःच्या छातीत जाणवला. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी अंगणातून कुणीतरी हाक मारली असावी, तसा तिचा चेहरा झाला होता.

"ओ," मोठी म्हणाली.

चक्र फिरलं.